गोळ्यांची रिकामी पाकिटं

बसमध्ये बसणाऱ्याला सीट दिसत नाही. फाटकी असली तरच दिसते. त्यामुळे डेपोतल्या ठिगळमास्तरांचं काम जितकं चांगलं, तितकं त्यांचं नाव कमी, आणि त्यांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. डेपोच्या मागच्या बाजूला, जुन्या टायरांच्या ढिगापलीकडे पत्र्याची एक लांबट शेड आहे. तिथे सव्वीस वर्षं हा माणूस बसच्या सीटा शिवत होता. फोम कापायचा, रेक्झिन ताणायचं, कडा दुमडून शिवायच्या, आणि संध्याकाळी कमरेवर हात ठेवून सरळ व्हायला पाच मिनिटं घ्यायची.

ठिगळमास्तर हे नाव मेकॅनिक मंडळींनी ठेवलेलं. खरं म्हणजे ते चुकीचं होतं, कारण मास्तरांना ठिगळाचा भारी राग. ठिगळ लावायची वेळ आली म्हणजे आपण वेळेवर बघितलं नाही, असं ते मानायचे. वाटेकडची सीट आधी झिजते. चढणारा तिलाच घासून जातो, पिशव्या तिच्यावरच आदळतात, आणि खिडकीकडची मात्र पाहुण्यासारखी आरामात असते. म्हणून मास्तर दर सहा महिन्यांनी प्रत्येक बसमध्ये शिरायचे, डोळे मिटून सीटांवरून हात फिरवायचे, आणि रेक्झिन जिथे मऊ पडलंय तिथली गादी काढून खिडकीकडे लावायचे, खिडकीकडची वाटेकडे. "फाटायच्या आधी बघायचं," एवढंच त्यांचं शास्त्र. वरिष्ठांनी एकदा याबद्दल त्यांचं कौतुक केलं, आणि कौतुक झाल्याबरोबर मास्तरांनी अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली म्हणून ते लगेच मागेही घेतलं.

पाच वर्षांपूर्वी मास्तरांच्या बायकोच्या हृदयाची एक झडप बिघडली. दोन जिने चढली की तिचे ओठ निळे पडायचे. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, आणि खर्चाचा आकडा त्यांनी तोंडाने न सांगता कागदावर लिहून पुढे सरकवला. मास्तरांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि थेट कामगारांच्या पतसंस्थेत गेले. कर्ज मिळत होतं, पण जामीन हवा होता. एवढ्या रकमेला जामीन राहायचं म्हटल्यावर डेपोतल्या भल्याभल्यांना एकदम घरची कामं आठवली.

राहिला एकटा ऑइल. ऑइल म्हणजे इंजिन विभागातला जुना मेकॅनिक. त्याला स्वच्छ कपड्यांत कोणी पाहिलेलं नव्हतं. मास्तर त्याला सगळं समजावून सांगायला लागले, तर तो म्हणाला, "भाषण नको. कुठे सही करू ते सांग." बसच्या बॉनेटवर अर्ज ठेवून त्याने सही केली, आणि त्या सहीखाली त्याच्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला. पतसंस्थेतला कारकून कागद नाकापासून लांब धरून म्हणाला, "हा डाग कसला?" ऑइल म्हणाला, "तो माझा शिक्का. सही खोटी करता येते, हा करून दाखवा."

ऑपरेशन झालं. अकराव्या दिवशी ती घरी आली, आणि विसाव्या दिवशी मोरी नीट घासली नाही म्हणून मास्तरांवर ओरडली. त्या दिवशी मास्तर मोरीतच बसून रडले, ब्रश हातात धरून. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला वाटलं, आई फार बोलली म्हणून बाबा रडतायत.

कर्जाचे हप्ते साठ. मास्तरांनी लाल रेक्झिनचे दोन पट्टे घेतले, एकावर एक ठेवून त्यांना कडेने साठ टाके घातले, प्रत्येक टाका वेगळा, गाठ मारलेला, आणि तो पट्टा स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला लटकवला. पगाराच्या दिवशी हप्ता भरून आले की मुलीने पिन घ्यायची आणि एक टाका उसवायचा. जन्मभर शिवत आलेल्या माणसाच्या घरात उसवण्याचा असा सोहळा व्हायचा, आणि तिघंही त्या पाच मिनिटांची महिनाभर वाट बघायचे.

आणि मग सुरू झाली काटकसर. मास्तर डेपोत चालत जायला लागले, चाळीस मिनिटं. बसच्या सीटा शिवणारा माणूस बसमध्ये बसत नाही, यावर कंडक्टर लोक फार हसले. साबणाचे उरलेले तुकडे एका जुन्या मोज्यात जमा होऊन त्यांचा नवा साबण व्हायचा. टूथपेस्टची ट्यूब संपली की मास्तर ती उभी कापायचे आणि तिच्यात आणखी आठवडा निघायचा. चादर मध्ये विरली की उभी फाडायची, कडेच्या धड बाजू मध्ये आणून शिवायच्या, विरलेली बाजू कडेला. वर्तमानपत्र शेजाऱ्यांचं, एक दिवस उशिरा. "बातमी शिळी झाली म्हणून खोटी होत नाही," मास्तर म्हणायचे. केस बायको कापायची. तिचा हात मायेचा होता, पण सरळ नव्हता. डेपोत ऑइल त्यांना भोवती फिरून बघायचा आणि विचारायचा, "वहिनींनी कापता कापता कोणाशी गप्पा मारल्या का रे?"

मुलीचं दप्तर मास्तरांनी सीटच्या उरलेल्या हिरव्या रेक्झिनचं शिवलं. तुकडे भंगारात वजनावर विकत घेतलेले, पावतीसकट. शाळेत पहिल्या दिवशी मुलं म्हणाली, "तिकीट, तिकीट!" मुलगी रडत घरी आली. दुसऱ्या दिवशी मात्र गेली आणि विचारणाऱ्याला म्हणाली, "सुट्टे आहेत का?" तेव्हापासून कोणी काही बोललं नाही. हे उत्तर तिला आईने शिकवलं होतं.

लोकांना मास्तरांची दया यायची. मास्तरांना त्या दयेची गंमत वाटायची. "लोक टीव्हीचे हप्ते भरतात," ते म्हणायचे, "टीव्ही बिघडतो आणि हप्ते चालूच राहतात. माझ्या हप्त्याचा माल घरात चालतो, बोलतो, वर मलाच झापतो. मी कशाला रडू?" सकाळी अर्धवट झोपेत स्वयंपाकघरातून भांडी आपटल्याचा आवाज यायचा, आणि मास्तर पडल्या पडल्या मनात कोणाकोणाचे आभार मानायचे. डॉक्टरांचे, ऑइलचे, आणि ज्याने रक्त दिलं त्या न पाहिलेल्या माणसाचे. ही त्यांची रोजची प्रार्थना होती. भांड्यांचा आवाज थांबला की ती संपायची.

घरात एका गोष्टीला मात्र हात आखडता नव्हता. पगार आला की पहिले पैसे औषधाच्या डब्यात. रोज एक गोळी, न चुकता, जन्मभर, आणि महिन्यातून एकदा रक्ताची तपासणी. तो डबा बायकोकडे असायचा. मास्तर घरातला प्रत्येक पैसा मोजायचे, पण त्या डब्यातला त्यांनी कधी मोजला नाही. तिथे मोजायला बसणं त्यांना पाप वाटायचं.

त्या गोळ्यांची रिकामी पाकिटं मात्र मास्तर कामावर घेऊन जायचे, आणि त्याला कारण होतं. रेक्झिन कापून कात्री बोथट होते. धारवाला पैसे घेतो. पण गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी पत्रा दहा-बारा वेळा कात्रीने कापला की धार पुन्हा जागी होते. ही युक्ती मास्तरांची स्वतःची. महिन्याला तीन पाकिटं, म्हणजे महिन्याची धार फुकट. शेडमधल्या एका पत्र्याच्या डब्यात ती जमा व्हायची, आणि ऑइलही अधूनमधून त्याची पॅकिंग कापायची कात्री घेऊन तिथे यायचा.

असे पंचेचाळीस टाके उसवले गेले. आणि मग एका संध्याकाळी जेवताना मास्तर सहज बोलून गेले, "ऑइल पुढच्या वर्षी रिटायर होतोय. आपले हप्ते त्यानंतर दोन महिने चालणार. तोवर पतसंस्था त्याच्या पैशातली जामिनाची रक्कम अडवून ठेवेल. त्याला घराचं छप्पर करायचंय. काय तोंड दाखवू त्याला?" बायकोने भांडी गोळा केली. मास्तरांना वाटलं, विषय संपला.

यानंतर चार-पाच महिन्यांनी मास्तरांची कात्री एका जाड सीटवर अडली. रेक्झिन कापायच्या ऐवजी चावायला लागली. मास्तरांनी पाकिटांचा डबा उघडला, तर तळाशी एकच पाकीट, तेही कापून कापून चिंध्या झालेलं. मास्तरांचं डोकं तापलं. ते तरातरा इंजिन विभागात गेले.

"ऑइल, पाकिटं वापरतोस ते ठीक आहे, पण निदान एखादं ठेवत जा. माझा धंदा बसवणार आहेस का?"

ऑइल बसखालून सरकत बाहेर आला. "कसली पाकिटं?"

"गोळ्यांची! महिन्याला तीन आणतो मी."

"कुठे तीन?" ऑइल हात पुसत म्हणाला. "मी गेल्या महिन्यात एकदाच आलो होतो. डब्यात एकच होतं, म्हणून मी परत गेलो, तुझी अडचण नको म्हणून. तुझ्या घरूनच कमी येतायत, मास्तर."

"घरून कशाला कमी येतील? रोज एक गोळी, दहाचं पाकीट, म्हणजे महिन्याला..."

मास्तरांचं वाक्य तिथेच थांबलं. बायको सकाळी त्यांच्या जेवणाच्या डब्यासोबत रिकामी पाकिटं ठेवायची. मागच्या महिन्यात एक ठेवलं होतं. त्याच्या आधी दोन. त्याच्या आधी पुन्हा एकच. आपण ती घेतली, पिशवीत टाकली, आणि आपल्या हाताला काहीच कळलं नाही.

ऑइलने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "घरी जा," तो म्हणाला. "साहेबांना मी सांगतो."

त्या दिवशी चार वर्षांत पहिल्यांदा मास्तर बसने घरी गेले. तिकीट काढलं, आणि बसायला जागा असून उभे राहिले.

बायको जिन्यात सापडली. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या पायरीवर, भाजीची पिशवी शेजारी ठेवून बसलेली. मास्तरांनी तिला तिथे आधीही बसलेलं पाहिलं होतं. विचारलं की ती म्हणायची, समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे बघतेय, त्यांच्याकडे बघा किती नवे कपडे आलेत. आणि मास्तर हसून पुढे जायचे.

"अहो, आज लवकर?" ती उठायला लागली.

"बस," मास्तर म्हणाले आणि तिच्या शेजारी बसले. "गोळी रोज घेतेस?"

ती पिशवीतली भाजी नीट लावायला लागली.

"अगं, मी विचारतोय."

"दिवसाआड घेते," ती म्हणाली. "काही होत नाही मला. बरी तर आहे."

"आणि तपासणी? दर महिन्याला जाऊन येतेस ना? मागच्या वेळी मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले, तर तू म्हणालीस, नवरा फार प्रश्न विचारतो असं म्हणाले."

"ते मीच म्हणाले," ती म्हणाली, आणि तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. "पाच महिने झाले, गेले नाही. अहो, तुम्ही रागावू नका. दोन हप्त्यांची तर गोष्ट आहे. ऑइलभाऊजींनी सही केली नसती तर मी आज या पायरीवर बसले असते का? त्यांचे पैसे माझ्यापायी अडकायचे? दीड हप्त्याचे जमलेत. आणखी थोडे महिने, मग मी रोज घेणारच होते."

"कुठे आहेत जमलेले?"

"खुर्चीत."

घरात मास्तरांच्या हातची एक खुर्ची होती, बायको ऑपरेशनहून आली तेव्हा तिच्यासाठी शिवलेली. मास्तर रोज संध्याकाळी तिच्यावर बसून बूट काढायचे. आज त्यांनी ती उलटी केली. गादीच्या मागची शिवण उसवून पुन्हा घातलेली होती, वाकड्यातिकड्या घरगुती टाक्यांनी, वेगळ्याच रंगाच्या दोऱ्याने. आंधळ्यालाही कळावी अशी. शंभर बसगाड्यांच्या सीटांवर डोळे मिटून हात फिरवणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातली ही शिवण पाच महिने दिसली नव्हती. मास्तर जमिनीवर बसले आणि त्यांनी ती उलटी खुर्ची मांडीवर घेतली.

"मी किती महाग पडले हो तुम्हाला," बायको दारात उभी राहून म्हणाली. हे वाक्य तिने चार वर्षं पोटात ठेवलं होतं. "दर महिन्याला पोरगी टाका उसवते, तुम्ही टाळ्या वाजवता, आणि मला वाटतं, हे सगळं माझ्यामुळे. ते चालत जाणं, ते शिळं वर्तमानपत्र. मी नसते तर तुम्ही बसने गेला असता."

मास्तर आयुष्यात बायकोवर फारसे ओरडले नव्हते. त्या दिवशी ओरडले. "बसने? कुठे गेलो असतो बसने? या घरी? या घरात कोण असतं? मी चाळीस मिनिटं चालतो ना, ती चाळीस मिनिटं मला घरी कोणीतरी आहे म्हणून चालवतात! तुला काय वाटलं, मी पतसंस्थेचं कर्ज फेडतोय? अगं, मला तर तू फुकटात मिळाल्यासारखी वाटतेस!" मग त्यांचा आवाज बसला. "चूक माझीच आहे. फाटायच्या आधी बघायचं हे माझं काम. मी सगळ्या डेपोचं बघितलं."

मुलगी शाळेतून आली तेव्हा आई-बाबा जमिनीवर शेजारी बसून एका खुर्चीची शिवण उसवत होते, आणि दोघांचीही नाकं लाल होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं डॉक्टरांकडे गेले. खुर्चीतले पैसे त्यांनी सोबत घेतले होते. डॉक्टरांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला, आणि दहा मिनिटं बायकोला असं काही सुनावलं की मास्तरांनाच तिची बाजू घ्यावी लागली. मग तपासण्या झाल्या. निकालाला दुपार झाली. बाकावर बसून मास्तरांनी समोरच्या भिंतीवरच्या फरशा मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि दोन्ही वेळा आकडा वेगळा आला.

"थोडक्यात निभावलंय," डॉक्टर कागद बघत म्हणाले. "झडप चांगली आहे. पायांवर सूज आहे, ती उतरेल. पण हा खेळ पुन्हा नाही. गोळी चुकली तर ऑपरेशन, खर्च, तुमचे साठ हप्ते, सगळं वाया. कळलं?"

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. त्यांना डॉक्टरांचे पाय धरावेसे वाटले, पण मध्ये टेबल होतं. त्यांनी टेबलच दोन्ही हातांनी धरलं आणि "कळलं, कळलं" म्हणत राहिले. खुर्चीतल्या पैशांत तपासण्या झाल्या, नव्या गोळ्या आल्या, आणि बाहेर आल्यावर उरलेल्या पैशांचा दोघांनी एक-एक कप चहा प्यायला. बाहेरचा चहा चार वर्षांत पहिलाच. दोघांनाही तो पाणचट वाटला आणि दोघांनी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

राहिला प्रश्न ऑइलचा. मास्तर मान खाली घालून त्याच्यापुढे उभे राहिले. "चोरीचा आळ घेतला तुझ्यावर. आणि दोन महिने तुझे पैसेही अडकणार."

"अडकू देत," ऑइल म्हणाला. "छप्पर इतकी वर्षं गळतंय, आणखी दोन महिने गळेल. बादली आहे माझ्याकडे. अरे, मी सही केली ती वहिनी उभ्या राहाव्यात म्हणून. त्याच आडव्या पडल्या तर मी ते छप्पर बघून काय करू? आणि वहिनींना सांग, पुन्हा असं केलं तर तुझे केस मी कापायला येईन."

तेव्हापासून दर महिन्याला बायको तीन रिकामी पाकिटं एकावर एक ठेवून, रबर लावून मास्तरांच्या डब्यासोबत द्यायची. मास्तर ती घ्यायचे आणि पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवायचे. जिन्यात बसणं महिन्याभरात थांबलं.

साठावा हप्ता भरला त्या संध्याकाळी ऑइल घरी आला. दोन महिन्यांपूर्वी तो रिटायर झाला होता, आणि पांढऱ्या शर्टात आल्यामुळे मुलीने त्याला दारातच विचारलं, "कोण पाहिजे?" पतसंस्थेने जामिनाचा जुना अर्ज परत दिला होता. मास्तरांनी तो त्याच्या हातात ठेवला. सहीखालचा काळा ठसा अजून तसाच होता. ऑइलने आपला स्वच्छ धुतलेला अंगठा त्याच्या शेजारी धरून पाहिला आणि म्हणाला, "आता ओळख पटायची नाही."

दारामागचा पट्टा एका टाक्यावर लोंबत होता. मुलगी चौदा वर्षांची झाली होती. तिने पिन घेतली आणि आईच्या हातात दिली. "आज तू."

बायकोने टाका उसवला. दोन पट्टे सुटे झाले आणि एक जमिनीवर पडला. इतकी वर्षं वाट बघितली, आणि झालं ते एवढंच. तिने तो उचलला, दोन्ही पट्टे छातीशी धरले, ऑइलला "भाऊजी" एवढंच म्हणाली. ऑइल खिडकीबाहेर बघत राहिला. मास्तर चहा टाकायला गेले आणि दोन वेळा साखर घालून बसले. तो चहा सगळ्यांनी मुकाट्याने प्यायला.

पुढच्या महिन्यात पहिल्यांदा अख्खा पगार घरी आला. दोन दिवसांनी मायलेकी बाजारात गेल्या आणि मास्तरांसाठी नवी कात्री घेऊन आल्या. मोठी, जड, चांगल्या पोलादाची. किंमत ऐकून मास्तर ओरडले. मग त्यांनी एक रेक्झिनचा तुकडा कापून पाहिला, मग दुसरा, मग तिसरा. कात्री लोण्यातून जावी तशी जात होती.

महिनाअखेरीला सकाळी मास्तर डबा भरून निघाले. बायकोने औषधाचा डबा उघडला, रिकामी पाकिटं काढली आणि कचऱ्याकडे वळली.

"दे इकडे," मास्तर दारातून म्हणाले.

"अहो, नवी कात्री आहे ना आता? या पोलादाला दोन वर्षं धार लावावी लागायची नाही म्हणाला दुकानदार."

"कात्रीला नकोत," मास्तर म्हणाले. "मला मोजायचीत."

तिने दिली. त्यांनी बूट घातलेले तसेच दारात उभं राहून मोजली. तीन होती.